पोत्यातला जाळ

जून-जुलैत नांदगाव खंडेश्वरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रासमोर घटकाभर उभं राहिलं की एक आकडा पुन्हा पुन्हा कानावर येतो : दोनशे सहासष्ट रुपये पन्नास पैसे. ४५ किलो युरियाच्या पोत्याचा हा भाव. पोतं दुचाकीवर आडवं पडतं आणि वावराकडे निघतं. त्यावर 'भारत युरिया' छापलेलं असतं, ४६ टक्के नत्र छापलेला असतो, किंमत असते. ते तयार करायला किती जाळ लागला, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

तो हिशेब मी घरातल्या मापानं मांडून पाहिला. माप घेतलं स्वयंपाकाच्या गॅसचं, १४.२ किलोच्या सिलिंडरचं. केंद्र सरकारच्या २०१५ च्या युरिया धोरणानं कारखान्यांना ऊर्जेच्या ज्या मर्यादा आखून दिल्या, त्या कारखान्याच्या गटाप्रमाणे टनामागे ५.५ ते ६.५ गिगाकॅलरी अशा आहेत. त्या धरल्या तर एका पोत्यामागे साधारण पावणेदोन सिलिंडरांइतकी ऊर्जा जाते. यातला मोठा वाटा युरियाच्या आधी बनणाऱ्या अमोनियाचा. एका पोत्याला सुमारे २५ किलो अमोनिया लागतो. १९१३ मध्ये जर्मनीत अमोनियाचा पहिला कारखाना सुरू झाला तेव्हा एवढ्या अमोनियाला जवळजवळ चार सिलिंडरांची ऊर्जा लागत होती. आज जगातल्या उत्तम कारखान्यात ती एका सिलिंडरच्या किंचित वर आहे. चारावरून एकावर यायला शंभरएक वर्षं लागली. त्या प्रवासाचा एक धागा याच तालुक्यातल्या पापळ गावाशी येऊन जुळतो, म्हणून हा मागोवा नांदगावातून घ्यावासा वाटला.

अमोनिया आपल्याला कारखान्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा आहे. झडीच्या दिवसांत भल्या पहाटे बंद गोठ्यात शिरलं की नाकाला झोंबतो तो अमोनियाच. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर उठून डोळ्यांत पाणी यायचं, तो नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार. इजिप्तमध्ये तो उंटाच्या शेणाच्या काजळीतून काढत. अमोनिया हे नावही तिकडचंच, अमुन देवाच्या देवळावरून आलेलं. आपल्याकडे मात्र त्याला वेगळं नाव द्यायची गरज पडली नाही. शेण, मूत, काडीकचरा उकिरड्यावर पडायचा, वैशाखात बैलगाडीनं वावरात जायचा आणि पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तुरीचं तास असायचं. वऱ्हाडच्या काळ्या मातीचा नत्राचा जमाखर्च पिढ्यान्‌पिढ्या एवढ्यावर चालला. उत्पन्न थोडं होतं, पण खताला लागणारी ऊर्जा बैलाच्या खांद्यावर आणि सूर्याच्या उन्हात होती.

१८९८ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथं विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञानं एक भाषण केलं. गहू खाणाऱ्या देशांची लोकसंख्या वाढते आहे, चिलीहून येणारा सोरा संपणार आहे, तेव्हा हवेतला नत्र जमिनीत आणायची वाट रसायनशास्त्रानं शोधली पाहिजे, असं त्याचं सांगणं होतं. त्याच वर्षी २७ डिसेंबरला पापळ गावी, पुढे देशाचं शेतीखातं सांभाळलेल्या पंजाबराव देशमुखांचा जन्म झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो पुढे अर्ध्या शतकानं आला.

हवेत नत्र मुबलक आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी गाठीनं इतके घट्ट धरून असतात की ती गाठ सुटता सुटत नाही. नॉर्वेत १९०५ च्या सुमाराला विजेची ठिणगी हवेत पेटवून ती गाठ तोडायचा कारखाना निघाला. तिथं धबधब्यांची वीज स्वस्त होती म्हणूनच ते जमलं. आपल्या आजच्या एका पोत्यातल्या नत्राएवढा नत्र त्या पद्धतीनं बांधायला हजाराच्या वर युनिट वीज लागली असती. ती वाट अर्थातच टिकली नाही.

टिकली ती फ्रिट्झ हाबरची. २ जुलै १९०९ रोजी कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत त्यानं आणि रॉबर्ट ल रोसिन्योल या त्याच्या सहकाऱ्यानं बीएएसएफ कंपनीच्या माणसांना एक छोटं यंत्र चालवून दाखवलं. त्यातून अमोनिया थेंबाथेंबानं गळत होता. या यंत्राविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण ऊर्जा वाचवण्याची सगळी कुळकथा तिथूनच सुरू होते.

नत्र आणि हायड्रोजन एकत्र येऊन अमोनिया होतो तेव्हा उष्णता बाहेर पडते, आत घालावी लागत नाही. अनेकांना हे खरं वाटत नाही, पण तसंच आहे. अडचण दुसरीकडे आहे. गाठ सुटावी म्हणून वायू तापवावे लागतात आणि फार तापवले तर झालेला अमोनिया पुन्हा फुटतो. म्हणून उत्प्रेरक लागतो, म्हणून दोनशेच्या आसपास वातावरणांचा दाब लागतो. एवढं करूनही एका फेरीत थोडाच वायू अमोनिया होतो, बाकीचा तसाच बाहेर येतो. हाबरनं तो उरलेला वायू फेकला नाही, फिरवून पुन्हा आत घेतला. आणि बाहेर पडणाऱ्या गरम वायूची धग आत येणाऱ्या थंड वायूला दिली.

आपल्या चुलीला वैल असतो. मुख्य तोंडावर भाकरी होत असते आणि मागे निसटणाऱ्या जाळावर वैलावरचं वरण शिजत राहतं. हाबरच्या टेबलावरच्या यंत्राला जन्मतःच वैल होता. पुढच्या शंभर वर्षांत अमोनियाच्या कारखान्यांनी जी जी ऊर्जा वाचवली, तिच्यातला फार मोठा भाग म्हणजे नव्या नव्या ठिकाणी बसवलेले वैलच आहेत.

प्रयोगशाळेतलं यंत्र कारखान्याएवढं करायचं काम कार्ल बॉशनं केलं. दाबाखालचा गरम हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खाई आणि नळ्या फुटत. बॉशनं आतून मऊ लोखंडाचं अस्तर लावलं आणि बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं ठेवली, म्हणजे झिरपलेला हायड्रोजन बाहेर निघून जाईल. आल्विन मिटाश यानं उत्प्रेरकासाठी हजारो मिश्रणं तपासली आणि शेवटी लोखंडावर आधारलेलं मिश्रण पक्कं केलं. आधी उत्प्रेरक म्हणून वापरलेलं महागडं ऑस्मियम लागेनासं झालं. सप्टेंबर १९१३ मध्ये ओपाउचा कारखाना चालू झाला. वर्षभरात महायुद्ध पेटलं आणि त्याच नत्राचे स्फोटक पदार्थ झाले. हाबरनं युद्धात विषारी वायूही वापरायला लावला. त्याच्या शोधावर आज जगातले अब्जावधी लोक जेवतात, तरी हे विसरता येत नाही.

ओपाउत चार सिलिंडर का लागत? कारण अमोनियातला महाग घटक हायड्रोजन आहे आणि तो लालभडक कोकवर वाफ सोडून काढावा लागे. कोळशात कार्बनच्या मानानं हायड्रोजन फार थोडा. नाफ्थ्यात दर कार्बनमागे साधारण दोन हायड्रोजन, आणि नैसर्गिक वायूतल्या मिथेनमध्ये चार. इंधनात हायड्रोजन जितका कमी, तितका तो पाण्याच्या वाफेतून ओढून काढावा लागतो आणि तितका जाळ जास्त. अमोनियाची ऊर्जा कमी होण्याचा पहिला मार्ग इंधन बदलण्याचा आणि दुसरा वैल वाढवण्याचा. भारताचा इतिहास या दोन्ही वाटांनी जातो.

आपल्याकडे मोठ्या कारखान्यांची सुरुवात तर लाकडापासून झाली. केरळात अलुवा इथं 'फॅक्ट'चा कारखाना १९४७ मध्ये सुरू झाला, तो जळाऊ लाकडाच्या वायूवर. जंगल तोडून भट्टीत घालायचं आणि त्यातून भातासाठी अमोनियम सल्फेट काढायचं! आज हे ऐकून अंगावर काटा येतो, पण १९४३ चा बंगालचा दुष्काळ ताजा होता आणि कोळशाची खाण केरळात नव्हती. मग आला सिंदरीचा कारखाना, कोळशाच्या पट्ट्यात. २ मार्च १९५२ रोजी नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. रोज हजार टन अमोनियम सल्फेट काढायची त्याची योजना होती, आणि हायड्रोजन कोकमधून.

त्याच वर्षी पंजाबराव केंद्रात आले आणि पुढची दहा वर्षं, १९६२ पर्यंत, देशाच्या शेतीचं खातं त्यांच्याकडे होतं. सिंदरीचं खत पोत्यात भरणं सोपं होतं, ते शेतकऱ्याच्या मनात उतरवणं अवघड. रासायनिक खतानं जमीन जळते, असं गावोगाव बोललं जाई. पंजाबरावांनी १९५३ मध्ये जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम देशभर चालवली. रोपवाटिका, ओळीतली लावणी, निंदणी आणि ठरलेल्या वेळी ठरलेलं खत, असा तो सगळा एकत्र कार्यक्रम होता. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या मोहिमेत खत एकटं आलं नाही, लावणीच्या शिस्तीबरोबर आलं. कधी, किती आणि कुठं द्यायचं, हे खताइतकंच महत्त्वाचं मानलं गेलं. पापळच्या शेतकरी घरातून गेलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागलं नसणार.

त्यांच्याच कारकिर्दीत, १९६१ मध्ये, पंजाबात नांगल इथं एक कारखाना सुरू झाला. भाक्रा धरणाच्या विजेनं पाणी फोडून त्यातून हायड्रोजन काढायचा, कोळसा नाही, तेल नाही. आज 'हरित अमोनिया' म्हणून ज्याचा गाजावाजा होतो आहे, तो भारतात साठ वर्षांपूर्वी बनत होता. मात्र अशा अमोनियाला ऊर्जा कमी लागते, असा समज करून घेऊ नये. किलोला सुमारे दहा युनिट वीज लागते. आपल्या पोत्याच्या हिशेबानं नुसत्या अमोनियालाच अडीचशे युनिट झाले. धूर होत नाही हा त्याचा मोठा गुण आहे, पण जाळ कमी होत नाही. भाक्राच्या विजेला पुढे दुसरी गिऱ्हाइकं मिळाली आणि नांगलही इंधन तेलाकडे वळलं.

१९६५ साली एप्रिलमध्ये पंजाबराव गेले. त्याच वर्षी मुंबईत चेंबूरजवळ ट्रॉम्बेचा खत कारखाना सुरू झाला. शेजारच्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांतून नाफ्था आणि वायू यायचा. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी बसलेला 'सुफला' इथला. वऱ्हाडात संकरित ज्वारी आणि पुढे संकरित कपाशी आली, तशी ट्रॉम्बेची पोतीही आली. कोळशावरून नाफ्थ्यावर येणं ही ऊर्जेच्या दृष्टीनं एक पायरी होती, पण नाफ्था पेट्रोलचाच भाऊबंद. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा हे खत किती महाग जाळावर उभं आहे ते सगळ्यांना कळलं.

दुसरीकडे अमेरिकेत १९६० च्या दशकात केलॉग कंपनीनं अमोनियाच्या कारखान्याची रचनाच पालटली होती. आधी वायू दाबायला पिस्टनचे अजस्र कॉम्प्रेसर असत आणि ते विजेवर चालत. केलॉगनं फिरत्या चाकाचे कॉम्प्रेसर आणले आणि ते वाफेच्या टर्बाइनला जोडले. ही वाफ कुठली? वायू फोडताना आणि अमोनिया होताना जी धग निघते तिच्यावरच पाणी उकळून काढलेली. म्हणजे साऱ्या कारखान्याचाच वैल झाला. अट एकच होती, कारखाना मोठा हवा, रोजच्या सहाशे टनांच्या वर. लहान कारखान्यात हे यंत्र परवडत नाही. खताचे कारखाने अवाढव्य का असतात, याचं उत्तर इथं आहे.

इंधन बदलणं आणि वैल वाढवणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकत्र आल्या त्या थळला. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या समुद्रात तेल सापडलं, १९७६ मध्ये ते निघू लागलं आणि त्याच्याबरोबर वायूही. घ्यायला कुणी नसलेला वायू समुद्रातच जाळून टाकावा लागे. १९७८ मध्ये राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफ, वेगळी कंपनी झाली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर अलिबागजवळ थळ-वायशेतचा तिचा कारखाना चालू झाला. अमोनियाच्या दोन शाखा, प्रत्येकी रोज १,३५० टनांची, डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीच्या आराखड्याप्रमाणे. जो वायू समुद्रावर उगाच पेटत होता, तो नत्र होऊन बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर उतरू लागला. महाराष्ट्राच्या खताच्या इतिहासात याच्याइतकी सरळ ऊर्जाबचत दुसरी नाही, असं माझं मत आहे.

याच काळात गोदावरीपलीकडे रामगुंडमला उलटा प्रयोग चालला होता. १९८० मध्ये तिथं कोळशावरचा अमोनिया सुरू झाला. तेल महाग म्हणून खाणीशेजारी कारखाना, हा विचार कागदावर पटणारा होता. पण तो पूर्ण क्षमतेनं कधीच चालला नाही आणि १९९९ मध्ये बंद पडला. त्याच जागी २०२१ मध्ये नवा कारखाना उभा राहिला, तो वायूवर.

यंत्रांइतकाच फरक हिशेबाच्या पद्धतीनं पाडला. १९७७ पासून मराठे समितीच्या शिफारशीनुसार प्रत्येक कारखान्याला त्याच्या स्वतःच्या खर्चाप्रमाणे पैसे मिळत. देशात कारखाने वाढले हा त्याचा फायदा. पण जो जास्त जाळतो त्यालाही भरपाई मिळत असेल, तर जाळ कमी करायची घाई कुणाला? २००३ पासून गट पाडून दर ठरू लागले. २०१२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोच्या 'पॅट' योजनेत खत कारखाने आले, २०१५ च्या धोरणानं मर्यादा आणखी आवळल्या. मर्यादेबाहेरचा जाळ कंपनीच्या खिशातून, मर्यादेखालची बचत कंपनीच्या पदरात. मग जुन्या कारखान्यांतून नवे वैल दिसू लागले. आरसीएफनं ट्रॉम्बे आणि थळ दोन्हीकडे गॅस टर्बाइन बसवली. तिच्यातून वीज निघते आणि तिच्या गरम धुरावर वाफ होते. अमोनियाच्या भट्टीतल्या, उत्प्रेरक ठेवायच्या टोपल्या बदलल्या गेल्या, कार्बन डायऑक्साइड धुऊन काढायची कमी वाफ खाणारी द्रावणं आली, बाहेर सोडल्या जाणाऱ्या वायूतला हायड्रोजन गाळून परत घेतला जाऊ लागला. तळोजाला २०२३ मध्ये दीपक फर्टिलायझर्सचा वर्षाला पाच लाख टनांचा नवा अमोनिया कारखाना चालू झाला.

यापुढे मात्र जिना संपत आला आहे. मिथेनपासून अमोनिया करायला रसायनशास्त्राच्या नियमानं जी किमान ऊर्जा लागते, ती आपल्या मापात एका पोत्याला पाऊण सिलिंडरच्या थोडी वर भरते. उत्तम कारखाने एका सिलिंडरपाशी आले आहेत. आपल्या देशातल्या ५.५ आणि ६.५ या दोन मर्यादांमधला फरक पोत्यामागे एक तृतीयांश सिलिंडरसुद्धा नाही. तो फरक मिळवायला कोट्यवधी रुपयांची यंत्रं आणि अभियंत्यांची वर्षं खर्ची पडतात.

आता तेच पोतं वावरात उघडलेलं पाहा. दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी पिकाच्या अंगी लागतो. म्हणजे पावणेदोन सिलिंडरांतलं जवळजवळ एक अख्खं सिलिंडर बांधाच्या आत वाया जातं. आपली काळी माती थोडी विम्लधर्मी, चुनखडीची. ओल्या मातीवर युरिया फेकून दिला आणि वर ऊन पडलं की मातीतली विकरं त्याचा पुन्हा अमोनिया करतात आणि तो हवेत उडून जातो. समुद्रातून वायू आणून, दीडशे-दोनशे वातावरणांच्या दाबाखाली बांधलेला नत्र चार दिवसांत जिथून आला तिथं परत! काही मुसळधार पावसानं नाल्याला जातो. २०१५ पासून सगळ्या युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, २०१८ मध्ये पोतं ५० वरून ४५ किलोचं झालं. दोन्ही निर्णय योग्य होते. पण पोतं फोडणारा हात बदलला नाही, तर लेपानं भागत नाही.

हात बदलणं म्हणजे काय, हे पंजाबरावांच्या नावानं १९६९ पासून अकोल्यात उभं असलेलं कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. माती तपासून मात्रा ठरवा. कपाशीला नत्र एकदम देऊ नका, हप्त्यानं द्या. ओल असताना झाडाभोवती बांगडी पद्धतीनं द्या आणि डवऱ्यानं लगेच मातीआड करा. मातीआड गेलेला नत्र फारसा उडत नाही. यात नवं यंत्र नाही, अनुदान नाही, फक्त एक जादा फेरा आहे. मजुरीच्या आजच्या भावात तो फेरा जड वाटतो, हे मला ठाऊक आहे. २६६ रुपयांच्या पोत्यासाठी कोण मजूर लावणार, हा प्रश्न चुकीचा नाही. पोत्याची खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे आणि ती सरकारच्या तिजोरीतून जाते, म्हणून शेतकऱ्याला ती दिसत नाही. दिसत नाही म्हणून फेरा महाग वाटतो.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि त्याच्या कडेनं जमिनीखालून गेलची मुंबई–नागपूर वायुवाहिनी टाकली गेली आहे. कारखान्यांना लागणाऱ्या वायूचा मोठा भाग आता परदेशातून जहाजानं येतो. तो वायू ज्या वाहिन्यांच्या जाळ्यातून देशभर फिरतो, त्या जाळ्याची एक शाखा आपल्या तुरी-सोयाबीनच्या वावरांना लागून चालली आहे.

आणि त्या सोयाबीनला हा वायू नकोच आहे. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू भट्टीशिवाय, दाबाशिवाय, ढगाळलेल्या दिवसातसुद्धा हवेतला नत्र बांधत असतात. जाळ असतो तो पानांनी उन्हातून आणलेला. पेरणीच्या वेळचा थोडा नत्र आणि बियाण्याला रायझोबियमची प्रक्रिया एवढं तिला पुरतं. वरून युरिया पडला तर त्या गाठी आळसावतात. तरी पीक पिवळं दिसलं की पोतं फुटतंच.

म्हणून वाचणाऱ्या शेतकरी भावाबहिणींना एवढीच विनंती. यंदा पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं, पोत्याची शिवण उसवण्याआधी, सोयाबीनचं एक झाड ओल्या मातीतून हळूच उपटा. मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर त्या वावरात युरिया नेऊ नका.